सातवा वाटा आणि उरलेली बाकी



एरवी मी तुमच्याशी बीजप्रक्रिया, हुमणी, ठिबकच्या चोंदलेल्या नळ्या असल्याच गोष्टी बोलतो. आज मात्र जेवणे उरकल्यावर घरातली पाटी-पेन्सिल काढा. पाटी नसेल तर मुलांच्या जुन्या वहीचे कोरे पान चालेल. अपूर्णांकांची थोडी गंमत करायची आहे. ‘अपूर्णांक’ म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ज्याच्या घरी वाटणी झाली, ज्याने खताची मात्रा मोजली, ज्याने गाय कधी विणार याचे दिवस बोटांवर धरले, त्याचा अपूर्णांकांशी रोजचाच संबंध आहे.

गंमत सांगण्याआधी माझी एक चूक सांगतो.

एका गावी मातीचे नमुने घेण्यासाठी गेलो होतो. ज्यांच्या ओसरीवर टेकलो, तिथे वाटणीची बैठक चालू होती. वडील वर्षापूर्वी वारलेले. चार भाऊ आणि तीन बहिणी. २००५ सालच्या कायदादुरुस्तीपासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा झाला, आणि या घराने तो कुरकुर न करता मानला होता, ही मोठी समाधानाची गोष्ट. विहिरीखालचे एक हेक्टर सात जणांत करायचे होते. तुकडेबंदीचे नियम हा वेगळा विषय आहे, त्याची चौकशी महसूल खात्याकडे आधी करावी. इथे फक्त घरातला कच्चा कागद चालला होता. थोरले म्हणाले, “साहेब, तुम्ही शिकलेले. एवढे गणित घालून द्या.”

मी खिशातला मोबाइल काढला, एकाला सातने भागले, पडद्यावर ०.१४२८५७१ असे काहीतरी आले. मी म्हणालो, “प्रत्येकी चौदा आर धरा.” कागदावर सात वेळा ०.१४ लिहिले गेले. चहा आला. सह्या होणार, तेवढ्यात दाराशी बसलेली थोरल्यांची सातवीतली नात म्हणाली, “चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. मग आबा, दोन आर कोणाचे?”

ओसरीवर कोणी बोलेना. दोन आर म्हणजे २०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. दोन गुंठ्यांत घर उभे राहते. बांधाच्या वीतभर जागेवरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बोलणे बंद असते, आणि इथे मी, बी. एस्सी. ॲग्री झालेला माणूस, चहाच्या कपासोबत दोन गुंठे गिळून बसलो होतो. त्या वाटणीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी ते दोन आर कुठे लपले होते ते बघू.

पाटीवर १ भागिले ७ मांडा. यंत्र बाजूला ठेवा, हातानेच करा. एकात सात जात नाही, म्हणून दशांश चिन्ह देऊन एकावर शून्य घ्या. दहा झाले. दहात सात एकदा, बाकी ३. तिनावर शून्य, तीस. तिसात सात चोक अठ्ठावीस, बाकी २. दोनावर शून्य, वीस. सात दुणे चौदा, बाकी ६. साठात सात आठे छप्पन्न, बाकी ४. चाळिसात सात पाचे पस्तीस, बाकी ५. पन्नासात सात सत्ते एकोणपन्नास, बाकी १.

थांबा. बाकी १ आली, आणि आपण सुरुवातही १ नेच केली होती. आता पुन्हा दहा, पुन्हा बाकी ३, पुन्हा तीस. म्हणजे भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहणार. तेल्याचा बैल घाण्याभोवती फिरतो तसे. याला शाळेच्या पुस्तकात आवर्ती दशांश म्हणतात. मी घाणाच म्हणतो, मुलांना लवकर कळते.

घाणा सहाच पावलांचा का? कारण सातने भागल्यावर बाकी उरणार ती १ ते ६ यांपैकीच. सात उरली तर आणखी एकदा भाग गेला असता. सहा प्रकारच्या बाक्या संपल्या की सातव्या खेपेला जुनी बाकी येणे भाग आहे, आणि बाकी जुनी आली की पुढचे सगळे जुनेच. भागाकारातले अंक आपण जपून लिहितो आणि बाकी पुसून टाकतो. खरे तर अंकांना पुढे ढकलते ती बाकीच.

आता १४२८५७ ही संख्या वेगळी लिहून घ्या आणि मुलांना तिला एकेकाने गुणायला सांगा:

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

उत्तरे नीट बघा. तेच सहा अंक आणि त्याच क्रमाने, फक्त सुरुवात निराळ्या जागेवरून. कारण तेच. दोन सप्तमांश करायचे म्हणजे बाकी २ पासून भागाकार सुरू करायचा, तीन सप्तमांश म्हणजे बाकी ३ पासून. बैल घाण्याला कुठूनही जुंपा, वाट एकच. आणि सातने गुणले तर? ९९९९९९. सगळे नऊ. मुलांनी हे स्वतः काढले की त्यांच्या तोंडाकडे बघावे, फार मजा वाटते.

हेच सहा अंक ताटाच्या कडेने गोल लिहा, घड्याळातल्या आकड्यांसारखे. १ च्या समोर ८ येईल, ४ च्या समोर ५, २ च्या समोर ७. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. संख्या मधोमध मोडा, १४२ आणि ८५७, बेरीज ९९९. दोन-दोन अंकांचे तुकडे करा, १४ आणि २८ आणि ५७, बेरीज ९९.

या तीन तुकड्यांपाशीच माझी चूक उघडी पडते. सातबाऱ्यावर क्षेत्र कसे लिहितात? हेक्टर, आर, चौरस मीटर. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. म्हणजे एका हेक्टरचा सातवा भाग होतो ० हेक्टर, १४ आर, २८ चौरस मीटर, आणि वर चौरस मीटरचे ५७ शतांश. घाण्याचे दोन-दोन अंक तिन्ही घरांत जाऊन बसले. दोघा भावांचा मिळून वाटा २८ आर ५७ चौरस मीटर. चौघांचा ५७ आर १४ चौरस मीटर. मी मात्र चौदावरच पेन्सिल ठेवली आणि प्रत्येकाचे २८ चौरस मीटर कापले. अठ्ठावीस म्हणजे एक मोठी खोली. सात खोल्या गेल्या.

याचा अर्थ दशांशात उरलेले टाकून देणे नेहमीच वाईट, असा कोणी करू नये. आमच्या खात्यात तर ते रोज करावे लागते. खताचाच हिशेब घ्या. युरियात नत्र ४६ टक्के, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के. शिफारस नत्र-स्फुरद-पालाशाच्या किलोत असते आणि गोणी युरिया-सुपर-पोटॅशची मिळते. म्हणून आम्ही तीन गुणक तोंडपाठ ठेवतो. नत्राच्या किलोला २.१७ ने गुणा, युरिया निघाला. स्फुरदाला ६.२५ ने गुणा, सुपर निघाले. पालाशाला १.६७ ने गुणा, पोटॅश निघाले. पुष्कळ शेतकऱ्यांनाही हे गुणक पाठ आहेत. पण ते आले कुठून? शंभराला ४६ ने, १६ ने आणि ६० ने भागून.

आता पाटीवर तिन्ही भागाकार करा. १०० भागिले १६: ६.२५, संपला, बाकी शून्य. १०० भागिले ६०: १.६६६६ आणि सहाच सहा, घाणा एकाच पावलाचा, बैल जागच्या जागी फिरतो. आपण शेवटी ७ लिहून मोकळे होतो. १०० भागिले ४६ म्हणजेच ५० भागिले २३. हा भागाकार करायला वहीचे लांब पान घ्या. उत्तर येते २.१७३९१३०४३४७८२६०८६९५६५२, आणि तिथून पुन्हा १७३९… बावीस अंकांचा घाणा. तेवीसने भागताना बाक्या १ ते २२, आणि एकही न गाळता बैल सगळ्या पावलांवरून जातो. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे आणि तिच्यात नत्र बरोबर २३ किलो. २०१८ पासून गोणी ४५ किलोची आहे, तिच्यात नत्र २०.७ किलो. गोणी बदलली तरी घाणा बावीसचाच.

तीन खते आणि तीन तऱ्हा. एक संपतो, एक जागीच घुटमळतो, एक बावीस पावले चालतो. असे का? दशांश म्हणजे दहाचा खेळ, आणि दहा ही संख्या दोन आणि पाच यांचीच बनलेली. ज्या छेदात फक्त दोन आणि पाच मिसळलेले असतील तो भागाकार कधीतरी संपतो. सोळा म्हणजे चार वेळा दोन, म्हणून सुपर फॉस्फेट संपले. साठात ३ आहे, तो दहाशी जुळत नाही. तेवीस तर अजिबातच जुळत नाही. अपूर्णांक आधी लहान रूपात आणायचा आणि छेद फोडून बघायचा, एवढी खूण ठेवली की भागाकार न करताच सांगता येते, संपेल की फिरेल.

खताला यातला किती काटेकोरपणा हवा? वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश धरले, तर युरिया २६०.८७ किलो, सुपर ३७५ किलो, पोटॅश ६६.६७ किलो. युरियाला २.१७ चा गुणक लावला तर २६०.४ किलो येतो. हेक्टरी अर्धा किलोही फरक नाही. फेकताना आपल्या मुठीतच त्याहून जास्त फरक पडतो. तिथे बावीस अंक घेऊन बसणारा माणूस वेडा म्हणावा. (माती परीक्षण न करता मात्रा ठरवणाऱ्याला काय म्हणावे ते पुढच्या वेळी.)

सुपरच्या ६.२५ ची आणखी एक ओळख घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असेल. रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे किती नवे पैसे? १०० भागिले १६, सव्वासहा. सुपर फॉस्फेटचा गुणक आणि आण्याचे पैसे एकच निघाले. पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून सुटा आणा सहा पैशांत मोडायचा. चार आणे एकदम मोडले तर २५ पैसे, एकेक करून चारदा मोडले तर २४. बाजारात पैसा गेला तो याच फटीतून. पिकाच्या आणेवारीची पैसेवारी झाली तीही याच हिशेबाने, आठ आण्यांचे ५० पैसे बरोबर बसले, सहा आण्यांचे साडेसदतीस झाले.

जुन्या लोकांची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ असे. माझ्या आजोबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, झोपेतून उठवून विचारला तरी येई. आणा, गुंठा, पायली, शेर यांच्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण येत, आणि त्यांचा छेद दोनच्याच घरातला असल्याने सगळे सरळ सुटे. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे सोळा आणे. मात्र तिघे भाऊ असले की तिथेही १३ गुंठे ५ आणे आणि वर आण्याचा तिसरा हिस्सा, असे लोंबकळत राहायचेच. तीन आणि सात कोणत्याही मापाला सहजासहजी दाद देत नाहीत.

सातचा घाणा घरात रोज उपयोगी पडेल अशी एक युक्ती देतो. आठवड्याचे वार सात. कितीही दिवसांनंतरचा वार काढायचा तर दिवसांना सातने भागायचे आणि बाकी तेवढे वार पुढे मोजायचे. मोबाइल बाकी दाखवत नाही, दशांश दाखवतो. पण दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक बघितला की बाकी कळते. घाण्यातले अंक लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा: १, २, ४, ५, ७, ८. पहिला अंक १ आला तर बाकी १, २ आला तर बाकी २, ४ आला तर ३, ५ आला तर ४, ७ आला तर ५, ८ आला तर ६. काहीच आले नाही तर भाग पूर्ण गेला.

वर्षाचे ३६५ दिवस सातने भागा, ५२.१४२८५७. पहिला अंक १, बाकी एक. म्हणून यंदा ज्या वारी तुमचा वाढदिवस, पुढल्या वर्षी त्याच्या दुसऱ्या वारी, मध्ये २९ फेब्रुवारी आला नाही तर. म्हैस भरल्यापासून सुमारे ३१० दिवस धरतात. भागा, ४४.२८५७… पहिला अंक २. सोमवारी म्हैस भरली असेल तर ३१० वा दिवस बुधवार. गाईचे २८० दिवस धरले तर बरोबर ४० आठवडे, सोमवारची गाय सोमवारीच. कोंबडीच्या अंड्यांचे २१ दिवस म्हणजे तीन आठवडे. अर्थात गाय काही कॅलेंडर बघून वीत नाही, चार दिवस मागेपुढे होतेच, तेव्हा हिशेबावर विसंबून गोठ्याकडे दुर्लक्ष करू नये.

या १४२८५७ चे आपल्या महाराष्ट्राशी एक खास नाते आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७ साली गणितासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळवले, आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर म्हणून राहिले. ना मोठी पदवी, ना विद्यापीठातली खुर्ची. शाळा सुटल्यावर संख्या घेऊन बसायचे, एवढाच नाद. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याबद्दल लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले.

कापरेकरांनी काही संख्यांचा एक गुण हेरला. ४५ चा वर्ग करा: २०२५. मधोमध मोडा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. मोडा, ८८ आणि २०९. बेरीज २९७. अशा संख्यांना आज जगात ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. आता आपल्या घाण्याचा वर्ग करा. हाताने करायला कंटाळा आला तर मुलांना वाटून द्या: १४२८५७ गुणिले १४२८५७ बरोबर २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक वेगळे करा, १२२४४९. उरले २०४०८. बेरीज करा. १४२८५७! तोडले, मोडले, पुन्हा जोडले, तरी तीच.

सातप्रमाणेच पूर्ण फेरा घेणारे आणखी छेद आहेत. शंभराच्या आत असे नऊच: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. सतराचा घाणा सोळा अंकांचा आहे, ०५८८२३५२९४११७६४७. तेराचे तसे नाही, तिथे बारा बाक्या दोन घाण्यांत वाटल्या जातात, एक ०७६९२३ चा आणि दुसरा १५३८४६ चा. पूर्ण फेऱ्याचे छेद कधी संपतात, की अखेरपर्यंत येतच राहतात? येतच राहतात असे सगळ्या गणितज्ञांना वाटते. एमिल आर्टिन यांनी १९२७ साली तसा अंदाजही बांधला. पण आजवर कोणीही ते सिद्ध करून दाखवलेले नाही. पाटीवर सुरू झालेला प्रश्न इतका लांब जातो, हे मला विशेष वाटते.

आता दोन कोडी. पहिले: सहा अंकी एक संख्या आहे, पहिला अंक १. तो उचलून शेवटी नेऊन ठेवला की संख्या तिप्पट होते. कोणती?

घाणा पाठ असलेला लगेच सांगेल. पण न आठवता कसे काढायचे ते मुलांना दाखवा. तिप्पट संख्येचा शेवट १ आहे. तीनने गुणून शेवटी १ देणारा अंक एकच, ७ (सात त्रिक एकवीस). म्हणून मूळ संख्येचा शेवट ७, हातचे २. सगळे अंक एक घर डावीकडे सरकले, म्हणून हाच ७ तिप्पट संख्येत दशकाच्या घरी आहे. कोणत्या अंकाची तिप्पट अधिक हातचे २ केले की शेवटी ७ येतात? पाच. पाच त्रिक पंधरा आणि दोन सतरा. म्हणजे मूळ संख्येत ७ च्या आधी ५. असेच मागे मागे जा. ८ येईल, २ येईल, ४ येईल, आणि १ पाशी हिशेब जुळेल.

दुसरे कोडे घरातल्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी. एका संख्येचा शेवटचा अंक २. तो उचलून सर्वांत पुढे ठेवला की संख्या दुप्पट होते. उजवीकडून सुरू करा. शेवट २, त्याची दुप्पट ४, म्हणून २ च्या डावीकडे ४. त्याची दुप्पट ८, तो त्याच्या डावीकडे. आठाची दुप्पट सोळा, ६ लिहा, हातचा १. सहाची दुप्पट बारा आणि एक तेरा, ३ लिहा, हातचा १. असे चालत राहायचे, आणि जिथे पुढचा अंक २ येऊन हातचा काही उरणार नाही, तिथे त्या २ च्या अलीकडेच थांबायचे. वाटेत एकदा २ येतो पण सोबत हातचा १ असतो, तिथे फसू नका. अठरा अंक होतात: १०५२६३१५७८९४७३६८४२. दोनला एकोणीसने भागून दशांश काढा, हेच अंक दिसतील. यंत्राच्या पडद्यावर इतके अंक मावत नाहीत, म्हणून हे काम पाटीवरच करावे लागते.

मुले एक शंका हमखास काढतात. ०.१४२८५७… याला सातने गुणले की ०.९९९९९९… येते, मग एक पूर्ण कधी होतो? शंका बरोबर आहे. एक तृतीयांश म्हणजे ०.३३३३… असे तीनदा घेतले तर ०.९९९९…, आणि तीन तृतीयांश म्हणजे तर पूर्ण एक. नऊची रांग खरोखरच न संपता गेली तर ती एकच आहे, एकाहून किंचितही कमी नाही. कमी पडते ते आपण मध्येच पेन्सिल उचलली की. पण वाटणीच्या कागदावर पेन्सिल कुठेतरी उचलावीच लागते.

त्या ओसरीवर शेवटी तसेच झाले. मी आधी सगळ्यांची माफी मागितली आणि नवा कागद घेतला. प्रत्येकाला १४ आर २८ चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. १४२८ सत्ते ९९९६. चार चौरस मीटर उरले. पुन्हा नातीनेच विचारले, “हे चार कोणाचे?” धाकटे म्हणाले, चिठ्ठ्या टाका. मधली बहीण म्हणाली, चार मीटरला चिठ्ठ्या कसल्या, विहिरीच्या काठाला सामाईक ठेवा. कागदावर तसे लिहिले, सात सह्या झाल्या, आठवी साक्षीदार म्हणून माझी. गेल्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो. विहिरीच्या काठी त्या चार मीटरांत कढीपत्ता लावलेला आहे, आणि ज्याला लागेल तो तोडून नेतो.